परदेशी पाठवणीची योजना: न विचारता सामील केलं आणि नुकसान माझ्या माथी मारलं

ऑनलाइन बाजारपेठेवर विक्रेता म्हणून तुमचं खातं असेल, तर सेटिंगमधलं पाठवणीचं पान आजच उघडा. तिथे आंतरराष्ट्रीय पाठवणीचा पर्याय चालू दिसला, तर तो तुम्ही स्वतः चालू केला होता का, हे आठवून बघा. मी केला नव्हता. तरीही माझा माल देशाबाहेर विकला गेला, वाटेत फुटला आणि पैसे माझ्या खात्यातून कापले गेले.

मी जुने फिल्म कॅमेरे आणि लेन्स दुरुस्त करून विकते. देशाबाहेर काहीच पाठवायचं नाही, हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं आणि प्रत्येक लिस्टिंगमध्ये (विकायच्या वस्तूच्या पानावर) तसंच निवडलेलं होतं. काचेची वस्तू जितक्या हातांतून जाते तितका धोका वाढतो, आणि परदेशातून माल परत मागवायचा म्हटलं तर परतीचा खर्च कधी कधी मालाच्या किमतीलाही मागे टाकतो. हा हिशेब करून घेतलेला निर्णय होता.

मग कंपनीचा एक ईमेल आला. आता जगभरातले ग्राहक तुमच्या वस्तू पाहू शकतील, तुम्हाला वेगळं काहीही करावं लागणार नाही, असा आनंदाचा सूर. मी तो पूर्ण वाचला. माझं खातं या योजनेत आधीच घातलं गेलंय, असं सरळ वाक्य त्यात कुठेही नव्हतं. बाहेर कसं पडायचं ते खालच्या एका दुव्यावर, तिथून आणखी एका पानावर, प्रश्नोत्तरांच्या पार तळाशी होतं. मी 'हो' म्हटल्याची नोंद कंपनीकडे नाही. 'नको' म्हटलं नाही एवढ्यावरच त्यांनी होकार धरला. 'फक्त देशांतर्गत' ही माझी निवड लिस्टिंगमध्ये तशीच दिसत राहिली आणि योजनेने ती परस्पर बाजूला सारली. मला याचीच सर्वांत जास्त चीड येते.

योजना चालते ती अशी. ग्राहक परदेशातून ऑर्डर देतो, पण विक्रेत्याला दिसतो देशातल्याच एका गोदामाचा पत्ता. ग्राहकाच्या नावाखाली एक लांबलचक संदर्भ क्रमांक असतो, तेवढीच खूण. आपण पार्सल गोदामापर्यंत पोचवायचं. तिथे ते उघडून पाहू शकतात, दुसऱ्या खोक्यात भरू शकतात. मग सीमाशुल्काचे कागद करून पुढे पाठवतात. वाहतुकीचा खर्च आणि आयात कर ग्राहकाकडून आधीच घेतलेला असतो. जाहिरात म्हणते, पार्सल गोदामात पोचलं की तुमची जबाबदारी संपली. माझं नुकसान झालं ते नेमकं या वाक्याच्या आडून.

मी एक रेंजफाइंडर कॅमेरा पाठवला. लेन्स वेगळी काढून झाकणं लावलेली, कॅमेऱ्याभोवती फोम, एका खोक्यात दुसरं खोकं. अशी प्रत्येक पायरीचे फोटो काढायची माझी सवय आहे. गोदामात पार्सल धड पोचल्याची नोंद ट्रॅकिंगवर आहे. पुढे ग्राहकाने फोटो पाठवले, त्यात खोकं माझं नव्हतं. एकाच पातळ खोक्यात कॅमेरा आणि लेन्स शेजारी शेजारी, मध्ये चुरगळलेला कागद. लेन्सच्या पुढच्या काचेला तडा आणि व्ह्यूफाइंडर पिचलेला. त्या ग्राहकाला मी दोष देत नाही, त्याच्या हातात खरोखरच मोडकी वस्तू पडली होती.

तक्रार नोंदवताना त्याने कारण निवडलं 'वस्तू वर्णनाप्रमाणे नाही'. त्याच्या जागी कुणीही तेच निवडलं असतं, वर्णनात चालू कॅमेरा लिहिलेला आणि मिळाला मोडका. पण योजनेचं संरक्षण 'वाहतुकीत हरवलं' किंवा 'वाहतुकीत फुटलं' या कारणांनाच होतं. 'वर्णनाप्रमाणे नाही' म्हटलं की सगळी जबाबदारी पुन्हा विक्रेत्यावर येते. म्हणजे नुकसान कुणी भरायचं हे, माल कुठे फुटला यावर ठरलंच नाही. ग्राहकाने यादीतली कुठली ओळ निवडली यावर ठरलं. रिफंडची सगळी रक्कम माझ्या शिलकीतून वळती झाली. परदेशातून माल परत आणायची सोय योजनेत नसल्याने ग्राहकाला वस्तू ठेवून घ्यायला सांगितलं. कॅमेराही गेला आणि पैसेही.

मी सगळे फोटो जोडून दाद मागितली. दोन्ही खोक्यांचे फोटो शेजारी ठेवले, गोदामाच्या पोच-नोंदीचा क्रमांक दिला, आणि एकच प्रश्न विचारला: माझं खोकं कुणी उघडलं? त्याचं उत्तर आजपर्यंत मिळालेलं नाही. चॅटवरचा प्रत्येक नवा माणूस पहिल्यापासून विचारायचा आणि शेवटी तेच छापील उत्तर चिकटवायचा, की ग्राहकाने निवडलेलं कारण आम्हाला बदलता येत नाही. ग्राहकाने स्वतः लिहून दिलं की वस्तू वाटेत फुटली असावी, त्याचाही उपयोग झाला नाही. कंपनीने वाईट शेरा तेवढा काढून टाकला. पैसे परत आले नाहीत.

जुनी पुस्तकं विकणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीचं नुकसान वेगळंच झालं. ती वर्षानुवर्षं परदेशी ग्राहकांना टपालाने पुस्तकं पाठवते. 2 किलोपर्यंतचं लहान पाकीट, त्यावर सीएन 22 चा कस्टमचा फॉर्म, दर ठरलेला. योजनेने तिचा हा पर्याय आपोआप झाकला आणि ग्राहकाला गोदामामार्गे येणारा, कितीतरी जास्त पाठवणी-खर्च दाखवायला सुरुवात केली. नेहमीचे ग्राहक विचारू लागले, एवढे पैसे कशाला लावता? तो खर्च तिने लावलाच नव्हता, आणि त्यातला पैसाही तिला मिळत नव्हता.

गेल्या काही वर्षांत सीमाशुल्काचे नियम झपाट्याने बदलले आहेत, त्यामुळे हा प्रश्न आणखी गंभीर झालाय. युरोपीय संघाने 22 युरोपर्यंतच्या मालावरची व्हॅटची सूट 1 जुलै 2021 पासून काढून टाकली. अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतचा माल शुल्काविना जायचा, ती सवलत 29 ऑगस्ट 2025 पासून सगळ्याच देशांसाठी थांबली. युरोपीय संघात 13 डिसेंबर 2024 पासून उत्पादन-सुरक्षेचा नवा नियम आहे; त्यानुसार बाहेरून येणाऱ्या बहुतेक ग्राहकोपयोगी वस्तूंसाठी संघातली जबाबदार व्यक्ती किंवा संस्था दाखवावी लागते. देशातच विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला हे सगळं माहीत असायचं कारणच नाही. पण त्याची लिस्टिंग परस्पर परदेशात दाखवली, की त्याचा माल या नियमांच्या कक्षेत जाऊन पडतो.

सीमाशुल्काच्या कागदपत्रांवर सहा आकडी एचएस कोड, म्हणजे वस्तूचा प्रकार सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, लागतो. फिल्म कॅमेऱ्याचा 9006 ने सुरू होतो, कॅमेऱ्याच्या सुट्या लेन्सचा 9002 ने. योजनेत तो कोड विक्रेता भरत नाही, त्याला तो दिसतही नाही. चुकला तर शुल्क चुकतं आणि ग्राहक भांडतो आपल्याशी. काही वस्तूंचा तर प्रवासच गोदामात संपतो. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यावर 1 एप्रिल 2016 पासून बंदी आहे. हस्तिदंत, कासवाचं कवच, मगरीचं कातडं यांचा व्यापार साइट्स (CITES) या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात येतो. जुन्या कॅमेऱ्यांच्या, घड्याळांच्या, वाद्यांच्या धंद्यात अशा सामग्रीचे तुकडे अनपेक्षितपणे निघतात: एखादी मूठ, एखादा पट्टा. अशी वस्तू अडकली तर ती परत मिळेलच असं नाही. अटी वाचताना हे कलम आवर्जून शोधा. माझ्या बाजारपेठेच्या अटींत अशा मालाची विल्हेवाट लावायचा हक्क कंपनीने स्वतःकडे ठेवला होता.

आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निकाल युरोपीय न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2019 रोजी दिला. ते प्रकरण संकेतस्थळावरच्या कुकीजचं होतं, व्यापाराच्या करारांना ते थेट लागू होत नाही. पण न्याय तोच आहे असं मला मनापासून वाटतं. ज्याच्या मालाची जोखीम वाढणार, त्याला आधी विचारा.

तुमच्या हातात आज जे आहे ते करा. खात्याच्या पातळीवर योजना बंद केली तरी थांबू नका, जुन्या लिस्टिंग एकेक करून उघडून बघा. माझ्या खात्यात मुख्य बटण बंद करूनही आधीच्या लिस्टिंग परदेशात दिसतच होत्या. बंद केल्याचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. गोदामाचा पत्ता असलेली ऑर्डर ओळखायला शिका: ग्राहकाच्या नावाशी न जुळणारा औद्योगिक पत्ता आणि संदर्भ क्रमांक. अशी ऑर्डर नको असेल तर पाठवण्याआधीच लेखी विचारा, की माझी संमती नसताना ही कशी आली, आणि ती रद्द केल्याचा ठपका माझ्यावर येणार नाही हे लिहून घ्या. पाठवायचीच असेल तर आतल्या आणि बाहेरच्या पॅकिंगचे फोटो काढा, खोक्याच्या आत स्वतःची खूण असलेली चिठ्ठी टाका. खोकं बदललं हे सिद्ध करायला ती लागते.

तक्रार आलीच, तर घाईने रिफंड मान्य करू नका. पहिल्याच उत्तरात पार्सल योजनेच्या गोदामात कोणत्या तारखेला पोचलं ते लिहा, ग्राहकाच्या फोटोतलं खोकं तुमचं आहे का ते लिहा, आणि ग्राहकाला सभ्यपणे विनंती करा की वस्तू वाटेत फुटली असेल तर कारण तेच निवडावं. हे तक्रारीचा निकाल लागण्याआधी करायला हवं, कारण निकालानंतर ती निवड बदलत नाही. आणि विकली न गेलेली वस्तू पुन्हा लिस्ट करताना पाठवणीचा रकाना दरवेळी तपासा. जुन्या लिस्टिंगची नक्कल केली की जुनी सेटिंगही तिच्याबरोबर परत येते.