‘ट्रान्सफर केस गेली’ असं सांगितलं, तर आधी बोल्ट बघा

काटोलकडच्या एका संत्रा बागायतदाराची जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देता येणारी) पिकअप काळ्या मातीत रुतली. पुढची चाकं ओढेनात. नागपूरच्या गॅरेजात मिस्त्रीनं खाली न वाकताच निकाल दिला, "भाऊ, ट्रान्सफर केस गेली. खोलाच लागते." ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी. बिल ४५,००० रुपये: चेन, बेअरिंग, ऑइल सील. गाडी बागेत गेली आणि पुन्हा रुतली. खरा दोष निघाला पुढच्या हबकडे, म्हणजे चाकाला ॲक्सलशी जोडणाऱ्या कुलपाकडे, जाणाऱ्या व्हॅक्यूम पाइपात. नागपूरच्या उन्हात जुनं रबर कडक होऊन चिरतं, हवा गळते आणि हब लॉकच होत नाही.

केस उघडलीच नव्हती. दोन अर्ध्या भागांच्या जोडावर ताजं सीलंट नव्हतं आणि बोल्टांच्या डोक्यावर तेल-मातीचा जुना थर जसाच्या तसा होता. पाना लागला असता तर तो थर तुटल्याशिवाय राहत नाही. म्हणून गाडी गॅरेजात टाकण्याआधी त्या जोडाचे आणि केसवरच्या नंबरपट्टीचे फोटो काढा, दोन बोल्टांवर आडवी रंगाची रेघ मारा. ‘तुमची जुनी चेन’ म्हणून दाखवलेली चेन कुठल्याही गाडीची असू शकते.

दुसरी युक्ती सिमेंट रोडवरची. फोर बाय फोर टाकून स्टिअरिंग पूर्ण वळवतात, गाडी झटके देते, टायर किंचाळतात, आणि ‘बघा, जाम झाली’ म्हणतात. पार्ट-टाइम सिस्टिममध्ये (गरजेपुरतंच फोर बाय फोर टाकायच्या गाडीत) मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग, नसतो. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं, चिखलात टायर घसरून तो फरक मिटतो, सिमेंटवर मिटत नाही. झटके बसतात याचा अर्थ पुढं ताकद पोचते आहे, म्हणजे केस बहुधा ठणठणीत आहे! त्यानंतर फोर बाय फोरचा लिव्हर अडकला तर सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्या, ताण सुटतो. पुढं नवे आणि मागं झिजलेले टायर असले तरी असंच अडकतं.

दोष कुठं आहे हे जॅकवर कळतं. सपाट जागी मागच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावा, फोर हाय (फोर बाय फोरचा नेहमीच्या वेगाचा टप्पा) टाका, इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये. पुढचा प्रोपेलर शाफ्ट (केसमधून पुढच्या ॲक्सलकडे जाणारा दांडा) हातानं फिरवून बघा. थोडा खेळ सोडून फिरला नाही, तर केस जोडते आहे. मग पुढचं एकच चाक उचला आणि फिरवा. ते मोकळं फिरलं, तर भानगड हबची. चाकाबरोबर त्या बाजूचा ॲक्सल शाफ्टही फिरत असेल तर समोरच्या बाजूचा हब सुटा आहे, शाफ्ट थांबून फक्त चाक फिरलं तर याच बाजूचा.

व्हॅक्यूमचे हब असतील तर इंजिन चालू ठेवून हबकडचा पाइप काढा, दुसऱ्याला फोर बाय फोर टाकायला सांगून टोकाला अंगठा लावा. ओढ जाणवली पाहिजे. बहुतेक डिझेल गाड्यांत ब्रेकचा बूस्टर (पेडल हलकं करणारा डबा) त्याच व्हॅक्यूम पंपावर चालतो, त्यामुळे ब्रेकचं पेडल नेहमीसारखं हलकं असेल तर पंप बदलायची गरज नाही, गळती पाइपात किंवा सोलेनॉइडमध्ये (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये) शोधा.

आधीच्या तपासणीत प्रोपेलर शाफ्टच फिरला आणि फोर बाय फोर बटणावर लागत असेल, तर फ्यूज, रिले, अर्थिंग आणि शिफ्ट मोटरचा (केसमधले गिअर सरकवणाऱ्या मोटरचा) प्लग या क्रमानं जा. मोटरला करंट क्षणभरच मिळतो, म्हणून मल्टिमीटर लावून दुसऱ्याला स्विच फिरवायला सांगा. डॅशबोर्डवरचा फोर बाय फोरचा दिवा लुकलुकतो आहे म्हणजे बहुधा शिफ्ट अर्धवट झाली आहे, गाडी चार फूट हलवा.

ड्रेन प्लगच्या चुंबकावरची बारीक राखाडी पेस्ट दाखवून घाबरवतात. ती नेहमीचीच. धातूचे तुकडे निघाले तर मात्र केस खोला.

एस्टिमेट लेखी घ्या, बिल पक्कं घ्या. वाद झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, नंतर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं. पिकअप स्वतःच्या उपजीविकेसाठी चालवत असाल, तर ‘व्यावसायिक वापर’ म्हणून तक्रार उडवून लावता येत नाही.