1911 च्या नोंदीवर 'जिल्हा सिंधुदुर्ग', आणि 18,000 रुपयांचा चुना

2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायची लाट आली आणि तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानांइतके 'मोडीवाले', म्हणजे जुनी मोडी लिपी वाचून देणारे, उगवले. खऱ्या जाणकारांबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती सापडली नाही तर नोंद बनवून देणाऱ्यांबद्दल.

आम्हाला दाखला वगैरे काही नको होता. घरच्या वंशावळीसाठी पणजोबांची जन्मनोंद हवी होती. मालवण तालुका, साल अंदाजे 1911. अशाच एका दलालाला आधी दिली 2,100 रुपये 'शोध फी', मग 9,500 'रेकॉर्ड रूमचा खर्च' (तो कुणाच्या खिशात जातो हे विचारायचं नसतं), शेवटी लिप्यंतर आणि शिक्क्याचे 6,400. एकूण 18,000, सगळे यूपीआयने, पावती एकाचीही नाही.

मिळालं काय? कोतवाल बुकातल्या (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या रजिस्टरातल्या) म्हणे एका मोडी नोंदीची झेरॉक्स. माथ्यावर स्वच्छ देवनागरीत: तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग. अहो, सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला 1 मे 1981 रोजी! 1911 सालच्या पाटलाला हे नाव स्वप्नात दिसलं होतं का? आणि चीड याची, की हाच फोटो तिसरा हप्ता द्यायच्या आधी व्हॉट्सअॅपवर आलेला. पण सगळ्यांची नजर खिळली पणजोबांच्या नावावर. घरात मोडी कुणालाच येत नाही, त्यामुळे लिप्यंतरावर विश्वास ठेवण्यावाचून पर्यायही नव्हता. तरी माथा तर मराठीतच होता ना! तिथे थांबलो असतो तर 6,400 तरी वाचले असते.

नोंदही किती सोयीची: बाळाचं नाव, बापाचं, आजोबांचं, वर आडनाव. जुन्या जन्मनोंदीत बहुतेकदा बाळाचं नावच नसतं, कारण नोंद बारशाआधी व्हायची. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, तारीख, संपलं. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरं टांगतो, शब्द एकमेकांत घुसतात, ऱ्हस्व-दीर्घ कुणी पाळत नाही. इथे दोन शब्दांत सुबक जागा आणि वेलांट्या शुद्धलेखनाच्या नियमाने. फॉन्ट होता, दुसरं काय.

एकट्या नोंदीचं कात्रण कधीच घेऊ नका. पूर्ण पानाचा फोटो मागा, वरच्या-खालच्या नोंदींसकट, आणि रजिस्टरच्या कव्हरचाही, गाव व साल दिसेल असा.

पोलिसांकडे गेलो तर उत्तर: 'पैसे तुम्हीच पाठवलेत ना? मग हा दिवाणी मामला.' बनावट सरकारी शिक्का हा दिवाणी मामला? 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पण पैसे गेल्या गेल्या कळवलं तर ते अडवता येण्याची शक्यता जास्त, इतक्या उशिरा काय मिळणार. ज्या कार्यालयाचा शिक्का त्या कागदावर आहे तिथला बाबू म्हणतो, रजिस्टर जीर्ण झालंय, दाखवता येणार नाही. म्हणजे खरं रजिस्टर आम्हाला बंद, आणि दलालाला त्याच्याच नावाने दुकान खुलं! लेखी द्या म्हटलं की साहेब मीटिंगमध्ये. शिक्का खोटा आहे एवढं तरी लिहून द्या म्हटलं, तर 'तो आमचा विषय नाही.' मग कुणाचा आहे?

माहिती अधिकारात अर्ज करा. 10 रुपये फी, एकच विषय, 150 शब्दांत. 'गाव नमुना 14, अमुक गाव, 1905 ते 1915, अवलोकन हवे' एवढंच लिहा (नमुना 14 म्हणजेच ते जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक). साल एकच टाकू नका, घरात सांगितलेलं वय चार-पाच वर्षांनी सहज चुकतं. रजिस्टर नष्ट झालं म्हणाले तर तेही लेखी घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं की पहिलं अपील.

आणि सुरुवात जन्मनोंदीपासून करूच नका. आजच्या सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक घ्या, गाव नमुना 6 मधून, म्हणजे फेरफारांच्या नोंदवहीतून, एकेक फेरफार काढत मागे जा. खातेदार वारला की वारसांची नावं लागतात, नातं लागतं, कधी वयही. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करून मागा. यातल्या कशालाही दलाल लागत नाही.

त्या माणसाने नंबर बदललाय. जाहिरात तीच आहे, 'नोंदीची शंभर टक्के हमी', फक्त शोध फी आता 2,500 आहे.