ईलाय मॅनिंग की फिलिप रिव्हर्स: हॉल ऑफ फेमसाठी कुणाच्या बाजूने उभं राहायचं?

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये, २००४ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नव्या खेळाडूंना क्रमाने निवडतात ती प्रक्रिया), या दोन क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणाऱ्या खेळाडूंची, चक्क अदलाबदल झाली होती. सॅन डिएगो चार्जर्सनी पहिल्याच क्रमांकावर ईलाय मॅनिंगला उचललं. त्याला तिथे खेळायचं नव्हतं आणि मॅनिंग कुटुंबाने ते आधीच कळवलंही होतं. मग न्यूयॉर्क जायंट्सनी चौथ्या क्रमांकावर फिलिप रिव्हर्सला घेतलं आणि तो चार्जर्सच्या हवाली करून, वर ड्राफ्टमधले निवडीचे आपले काही हक्क देऊन, मॅनिंगला आणलं. तेव्हापासून या दोन क्वार्टरबॅकची नावं एका दमात घेतली जातात.

निव्वळ आकड्यांवर जायचं तर वाद फार वेळ टिकत नाही. रिव्हर्सचे २०२० पर्यंतचे पासिंग यार्ड (फेकून कमावलेलं अंतर) ६३,४४०, टचडाउन (गोलसारखे गुण) ४२१, इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले फेक) २०९. सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांत १३४ विजय, १०६ पराभव. मॅनिंगचे यार्ड ५७,०२३, टचडाउन ३६६, इंटरसेप्शन २४४. विजय ११७ आणि पराभवही ११७. प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी रिव्हर्स आठदा निवडला गेला, मॅनिंग चारदा. चिवटपणात दोघेही दांडगे: मॅनिंग सलग २१० सामने खेळला, रिव्हर्स २४०. त्यातही जानेवारी २००८ मध्ये रिव्हर्स गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला असताना न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध कॉन्फरन्सचा, म्हणजे लीगमधल्या आपल्या गटाचा, अंतिम सामना खेळला आणि हरला.

त्या सामन्यानंतर दोनच आठवड्यांनी, सुपर बोलमध्ये म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, त्याच पेट्रियट्सना मॅनिंगने हरवलं. मॅनिंगची बाजू नेमकी इथेच उभी राहते.

पेट्रियट्स तेव्हा १८-० होते, म्हणजे हंगामात एकही सामना हरले नव्हते. शेवटच्या मिनिटांत मॅनिंग बचावपटूंच्या हातातून निसटला, त्याने चेंडू भिरकावला आणि डेव्हिड टायरीने तो हेल्मेटला दाबून धरला. जायंट्स १७-१४ ने जिंकले. चार वर्षांनी पुन्हा पेट्रियट्स, पुन्हा जायंट्स, २१-१७. दोन्ही सुपर बोलमध्ये सर्वोत्तम खेळाडू मॅनिंगच. हा मान एकाहून अधिक वेळा मिळवणाऱ्यांत बार्ट स्टार, टेरी ब्रॅडशॉ, जो मोन्टाना, टॉम ब्रेडी, पॅट्रिक महोम्स अशी नावं आहेत. रिव्हर्स सुपर बोल खेळलाच नाही. प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, त्याचे पाच विजय, सात पराभव.

पण या दोन विजयांचं वजन सारखं धरू नका. २००७ च्या हंगामात मॅनिंगने २० इंटरसेप्शन दिले होते, लीगमध्ये सर्वाधिकांच्या बरोबरीने. आणि हंगामात विक्रमी ५८९ गुण करणाऱ्या पेट्रियट्सना १४ वर रोखलं ते जायंट्सच्या बचावफळीने. माझ्या मते त्या रात्रीचा मानकरी बचावफळीतला कुणीतरी असायला हवा होता. २०११ चं मात्र वेगळं. जायंट्सचा चेंडू घेऊन धावण्याचा खेळ लीगमध्ये तळाशी होता, संघ ९-७ असा रडतखडत प्लेऑफमध्ये शिरला आणि मॅनिंगने ४,९३३ यार्ड फेकत, चौथ्या क्वार्टरमध्ये १५ टचडाउनचा विक्रम करत त्याला ओढून नेलं. मॅनिंगसाठी भांडायचं असेल तर टायरीचा झेल विसरा, हा हंगाम पुढे करा.

अडचण बाकीच्या वर्षांची आहे. त्याचे प्लेऑफमधले आठही विजय याच दोन हंगामांतले. इतर चार वेळा जायंट्स पहिल्याच सामन्यात बाहेर. गौतम गंभीरच्या दोन वर्ल्ड कप फायनलमधल्या ७५ आणि ९७ धावांवरून आपल्याकडे रंगणारा वाद याच जातीचा.

जुने दाखले दोन्हीकडे सापडतात. चार्जर्सचाच डॅन फाउट्स कधीही सुपर बोल न खेळता १९९३ मध्ये कॅन्टन शहरातल्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. म्हणजे रिव्हर्सची वाट अडवायला ‘अंगठी नाही’ (म्हणजे सुपर बोलचं विजेतेपद नाही) एवढं कारण पुरत नाही. उलट जिम प्लंकेटने रेडर्ससाठी दोन सुपर बोल जिंकले, तरी तो बाहेरच राहिला. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना मात्र यातलं काही ऐकवू नका. जायंट्सचं मैदान तिथल्याच ईस्ट रदरफर्डला आहे, त्यांचं उत्तर ठरलेलं असतं.

आता प्रत्यक्ष मतदानाकडे. ५० जणांची समिती, निवडीसाठी ८० टक्के मतं. २०२५ पासूनच्या नियमांत अंतिम सात जणांमधून प्रत्येकाने पाचच नावं द्यायची. नव्या गणितात मॅनिंग २०२५ मध्येही बाहेर राहिला आणि २०२६ मध्येही. रिव्हर्सने तर स्वतःचंच घड्याळ मागे फिरवलं: डिसेंबर २०२५ मध्ये, ४४ व्या वर्षी, तो इंडियानापोलिस कोल्ट्ससाठी पुन्हा मैदानात उतरला. निवृत्तीनंतर पाच हंगामांची अट असल्यामुळे त्याचं नाव आता २०३१ आधी येणार नाही. हिशेबी माणूस असं करणार नाही. मला तो त्यासाठी जास्तच आवडला.

शिखराची उंची मोजायची असेल तर मॅनिंग घ्या. पंधरा वर्षं दर रविवारी कोणता क्वार्टरबॅक आपल्या संघात हवा होता, असं विचाराल तर रिव्हर्स, आणि माझं मत त्यालाच. २०३१ मध्ये दोघे एकाच यादीत आले तर मी आधी त्याचं नाव लिहीन. तोवर मॅनिंगला पाचातलं शेवटचं नाव म्हणून जागा देता येईल, तीही २०२५ मध्ये अंतिम सातांत येऊन राहून गेलेल्या विली अँडरसनसारख्या टॅकलला, म्हणजे क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या खेळाडूला, डावलावं लागत नसेल तरच.