नाइट विचेस: रात्रीच्या विमानाला दिवसाचे फासे

खऱ्या युद्धावर रोलप्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन खेळायची गोष्ट) बेतायला घेतला की नकाशा मोठा होतो, बंदुकांची यादी लांबते आणि माणसं हरवतात. जेसन मॉर्निंगस्टार यांच्या ‘नाइट विचेस’मध्ये (बुली पल्पिट गेम्स, २०१५) तसं होत नाही. धुळे-जळगावकडच्या ज्या ग्रुपला ड्रॅगन आणि जादूच्या पुढे जाऊन खरा इतिहास टेबलावर आणायचा आहे, त्यांनी आधी हा गेम चालवावा आणि मग आपल्या मातीतल्या विषयाला हात घालावा.

विषय सोव्हिएत हवाई दलाच्या ५८८व्या नाइट बॉम्बर रेजिमेंटचा. मारिना रास्कोवा यांच्या पुढाकाराने १९४१ मध्ये उभी राहिलेली ही सगळ्या बायकांची तुकडी. हातात पो-२ ही लाकूड आणि कापडाची दुपंखी विमानं, म्हणजे मुळात शिकाऊ वैमानिकांसाठी केलेली. पुढे पायलट, मागे नॅव्हिगेटर. लक्ष्याजवळ आल्यावर इंजिन मंद करून घरंगळत खाली यायचं, बॉम्ब टाकायचे, निसटायचं, तळावर उतरून पुन्हा बॉम्ब भरायचे आणि त्याच रात्री पुन्हा निघायचं. १९४४ पर्यंत पॅराशूटसुद्धा नव्हते. युद्ध संपेपर्यंत त्यांनी २३,००० च्या वर फेऱ्या मारल्या. जर्मन शिपाई त्यांना ‘रात्रीच्या चेटकिणी’ म्हणत, गेमचं नाव तिथून आलं.

आता नियम. साधे सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे आणि बेरजेत आपल्या पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवायचा. १० किंवा जास्त आले तर काम फत्ते, ७ ते ९ आले तर काम होतं पण किंमत मोजून, ६ किंवा कमी आले तर गेम मास्टरच्या, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याच्या, मनासारखं. पण सगळी गंमत दिवस आणि रात्र यांच्या सांध्यात आहे. दिवसा तळावर काय मिळवलं, कुणाला पटवलं, कुठून सामान उचललं, यातून मिशन पूल नावाची एक सामाईक शिल्लक जमते. रात्री फासे टाकताना त्यातला एकेक गुण खर्च करता येतो.

हे किती महत्त्वाचं आहे ते आकड्यांत बघा. जवळ काहीच नसेल तर दोन फाशांवर ६ किंवा कमी पडायची शक्यता ३६ पैकी १५. एक गुण मिळवला की ती ३६ पैकी १० वर येते, दोन मिळवले की ६ वर. म्हणजे दुपारी स्वयंपाकघरातून पळवलेली साखरसुद्धा रात्री कुणाचा तरी जीव वाचवू शकते. इतक्या साध्या हिशेबातून युद्धातली टंचाई खेळाडूला स्वतःला जाणवते, गेम मास्टरला त्यावर भाषण द्यावं लागत नाही.

नवे ग्रुप चुकतात ते इथेच. सगळ्यांना उडायची घाई असते. दिवसाचा भाग पंधरा मिनिटांत उरकला जातो, पूल रिकामा राहतो, पहिल्याच हल्ल्यात दोन विमानं पडतात आणि मग ‘गेम फारच कडक आहे’ अशी तक्रार होते. साडेतीन तासांचं सेशन असेल तर दिवसाला निदान सव्वा तास द्या आणि रात्रीला पाऊण तास पुरे. उरलेला वेळ पात्रांची शीट भरण्यात, चहात आणि रात्रीनंतरच्या सकाळी जातो. ती सकाळ वगळू नका, कोण परत आलं नाही हे तिथेच कळतं. पूलसाठी टेबलाच्या मधोमध वाटीत चवळीचे दाणे ठेवा. वाटी तळाला गेलेली सगळ्यांना दिसते आणि टेबल आपोआप गप्प होतं.

खेळाडू चार घ्या. विमानात दोघी बसतात, त्यामुळे समसंख्या सोयीची. पाच झालेच तर एक नॅव्हिगेटर गेम मास्टरने सांभाळावी, पण मग त्याला रात्री श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही. गेम मास्टरची जबाबदारी आळीपाळीने फिरवायची सोय गेममध्येच आहे, ती जरूर वापरा.

इथल्या टेबलांवर एक अडचण हमखास येते. खेळाडू बहुतेक मुलगे आणि पात्रं सगळी बायका. ‘अॅक्ट अप’ नावाच्या चालीत (चाल म्हणजे पात्राची नियमात बांधलेली कृती) तीन तऱ्हा आहेत: टपोरीसारखं वागायचं, सभ्य बाईसारखं वागायचं किंवा अस्सल सोव्हिएत वैमानिकासारखं वागायचं. दुसरी तऱ्हा आली की कुणीतरी आवाज बारीक करतो, सगळे हसतात आणि सेशन तिथेच बसतं. पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका की आवाज बदलायचा नाही, फक्त ‘मी गेले’, ‘मी म्हणाले’ असं बोलायचं. एवढ्याने भागतं. तळावरच्या स्वयंपाकीण बाईला अहिराणी बोलू द्या. तिने ‘काय करी ऱ्हायनी?’ म्हणून हटकलं की साखर चोरणाऱ्या पोरीला जी धडकी भरते ती प्रमाण मराठीत भरत नाही.

उणी बाजूही आहे. सोव्हिएत हुद्दे, पितृनामासकट लांबलचक नावं, गुप्त पोलिसांची भीती, हे सगळं आपल्याकडच्या खेळाडूला नवं असतं. तासभर तयारी केल्याशिवाय गेम मास्टरने बसू नये. नावं तीन अक्षरांत आवरा: वेरा, नीना, गाल्या. दुसरी गोष्ट, शत्रूला इथे जवळजवळ चेहरा नाही. जर्मन म्हणजे खालून येणारे सर्चलाइट आणि गोळ्या. या रेजिमेंटच्या गोष्टीत ते शोभतं, कारण त्यांना रात्री वरून दिसत होतं ते तेवढंच. पण हाच साचा जसाच्या तसा आपल्या इतिहासावर ठेवला तर तो फसतो.

उदाहरणार्थ शिरपूर तालुक्यातलं थाळनेर. इंग्रज आणि होळकरांच्या महिदपूरच्या लढाईनंतर जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख इंग्रजांकडे गेला. २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉपचं सैन्य थाळनेरपुढे आलं. किल्लेदार तुळशीराम, आत अरब शिबंदी. शरणागतीची बोलणी सुरू असताना आतल्या दरवाजाच्या दिंडीतून, म्हणजे दरवाजातल्या लहान दारातून, काही इंग्रज अधिकारी आत शिरले, तिथे गोंधळ उडाला आणि त्यांच्यावर वार झाले. एकमेकांची भाषा कळत नव्हती, हे त्या गोंधळाचं एक कारण सांगितलं जातं. त्यानंतर शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी दिलं गेलं. त्या फाशीची चर्चा पुढे ब्रिटिश संसदेतही झाली.

एका संध्याकाळच्या वन-शॉटसाठी (एकाच बैठकीत संपणाऱ्या खेळासाठी) याहून चांगला प्रसंग खानदेशात सापडणं कठीण. इथे दोन्ही बाजूंना चेहरा लागतो, म्हणून टेबल दोन गटांत बसवा: दोघे दिंडीच्या आत, दोघे बाहेर. बोलणी चिठ्ठीवर आणि एका चिठ्ठीत फक्त दहा शब्द. चिठ्ठी पाठवणाऱ्याने दोन फासे टाकायचे. १० किंवा जास्त आले तर चिठ्ठी जशीच्या तशी पोचते. ७ ते ९ ला गेम मास्टर एक शब्द बदलतो. ६ किंवा कमी पडले तर चिठ्ठी न वाचताच दिंडी उघडते. दिवसाच्या भागाला अर्धा तास द्या: पाणी, दारूगोळा आणि शिबंदीचा विश्वास. त्या काळात थकलेल्या पगारावरून भाडोत्री शिबंदी अडून बसणं नेहमीचंच होतं, तेव्हा ‘पगार’ ही वाटीतल्या दाण्यांची पहिली मागणी ठेवा. एखाद्या चिठ्ठीत ‘हत्यारं ठेवून या’ मधला ‘ठेवून’ बदलून ‘हत्यारं घेऊन या’ झालं की पुढचं टेबल स्वतःच चालवतं.

शेवट सगळ्यांना माहीत असतो, त्यामुळे खेळाडू हात टेकतात. त्यावर उपाय असा, की किल्ला वाचेल का हा प्रश्न टेबलावर ठेवूच नका. तापीच्या अंगाने कोण निसटतं, कुणाला बरोबर नेतं आणि कुणाला मागे सोडतं, एवढंच खेळा. नाइट विचेसमध्येही युद्धाचा निकाल ठरलेलाच असतो, प्रत्येक पात्राच्या खात्यावर मात्र खुणांची यादी असते आणि त्यातली एक खूण मरणाला सामोरं जाण्याची. ती खूण केव्हा घ्यायची हे खेळाडूच्या हातात असतं.

लांबच्या कॅम्पेनसाठी (अनेक सेशन चालणाऱ्या खेळासाठी) भिल्ल नेते खाज्या नाईकांचा १८५७-५८ चा उठाव, सेंधव्याचा घाट आणि ११ एप्रिल १८५८ ची अंबापाणीची लढाई. याच खानदेशात जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभी केली होती. एकाच पाड्यातला एक भाऊ सरकारी चाकरीत आणि दुसरा डोंगरात, हा पेच गेमच्या दिवस-रात्रीच्या रचनेत नीट बसतो. पण खाज्या नाईक आजही पूजले जातात. त्यांना कुणी खेळाडूने पात्र म्हणून घेऊ नये. ते गोष्टीत दूर, डोंगरावर असू द्या, खेळाडूंनी त्यांच्या वाटेवरचे साधे लोक व्हावं. आदिवासी खेळाडू टेबलावर असेल तर तयारी करतानाच त्याला विचारा, खेळ सुरू झाल्यावर नाही. आणि ज्या भांडणाची केस अजून कोर्टात चालू आहे, ज्यातली माणसं त्याच गल्लीत राहतात, ते फाशांवर आणू नका.

सुरुवातीला दहा मिनिटं ‘रेघ आणि पडदा’ ठरवा. रेघेपलीकडचं टेबलावर येणारच नाही, पडद्याआडचं घडतं पण दाखवलं जात नाही. फाशी आणि कत्तल पडद्याआड, बायकांवरचे अत्याचार रेघेपलीकडे, ही किमान मांडणी. जोडीला मधे एक्स लिहिलेलं कार्ड ठेवा, त्यावर बोट ठेवलं की प्रसंग तिथेच थांबतो आणि कारण विचारायचं नाही.

छापायला फारसं काही लागत नाही. प्रत्येकी एक शीट, दिवस आणि रात्रीच्या चालींचं पान एकेक, एवढं ए-फोरवर काळ्या-पांढऱ्यात चालतं. पुस्तक इंग्रजीत आहे, चालींची नावं मराठीत करून शीटवर हाताने लिहा. ‘वेफाइंडिंग’ला ‘वाट काढणं’, ‘व्हील्स डाउन’ला ‘चाकं टेकवणं’. ऐन मे महिन्यात खेळत असाल तर पंख्याखाली कागद उडतात, शीट पुठ्ठ्याला चिमट्याने लावून ठेवा.