ग्लेझवर माझी रेघ: स्क्रीनप्रिंट डिकॅल आठ महिने वापरल्यानंतर

मी मुळात छापचित्रं करणारी. मातीच्या भांड्यावरच्या चकचकीत ग्लेझवर, म्हणजे भाजून काचेसारख्या झालेल्या थरावर, ब्रश टेकवला की रंग थेंबाथेंबाने गोळा व्हायचा आणि रेघ माझी राहायचीच नाही. म्हणून आठ महिन्यांपूर्वी स्क्रीनवरून, म्हणजे ताणलेल्या जाळीतून रंग दाबून, डिकॅल (कागदावरून पाण्याने सुटून भांड्यावर बसणारी चित्रं) छापायला घेतले, आणि आता ब्रशकडे परत जावंसं वाटत नाही.

ओव्हरग्लेझ रंगाची, म्हणजे ग्लेझवर लावून पुन्हा भाजायच्या रंगाची, पूड तेलकट मीडियममध्ये काचेवर घोटायची, डिकॅल कागदावर चित्र छापायचं, वाळलं की वरून कव्हरकोट, म्हणजे चित्र एकसंध धरून ठेवणारा पातळ थर, द्यायचा. कोमट पाण्यात मिनिटभर ठेवलं की चित्र कागदावरून सुटतं आणि भांड्यावर सरकवता येतं. ते उलटं होत नाही, हे मला फार सोयीचं. टिशू कागदावर छापून ठसा उतरवायचा तर स्क्रीनवर चित्र उलटं घ्यावं लागतं, आणि त्यात अक्षरं असली की हमखास घोळ होतो.

सुरुवातीला कापड छापायची सेंटिमीटरला ४३ धाग्यांची जाळी वापरली. बारीक रेघा तुटल्या आणि जाड रेघांवर रंगाचा एवढा थर बसला की भाजल्यावर काही ठिकाणी पापुद्रे निघाले. ९० धाग्यांची जाळी घेतल्यावर पेनाची आडवीउभी छायाही उतरली. घोटण्यात मात्र कंटाळा करून चालत नाही, पुडीची एक कणी राहिली तरी जाळी बुजते.

खरा त्रास डिकॅलखाली अडकणाऱ्या हवेचा. चित्रातल्या एका कावळ्याच्या डोळ्याखाली खसखशीएवढा फुगा राहिला होता. वाळल्यावर दिसलाही नाही. भट्टीत तो फुटला आणि डोळ्याच्या जागी पांढरं भोक, भोवती काळे शिंतोडे. तेव्हापासून ग्लेझ आधी स्पिरिटने पुसते, रबराने मधून कडेकडे पाणी काढते, तिरक्या उजेडात भांडं फिरवून पाहते आणि पूर्ण एक दिवस वाळू देते.

सरळ उभा मग आणि टाइल यांना तोड नाही. १७५६ साली लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी सहा तासांत बाराशेहून जास्त टाइल्स छापल्याचं शपथेवर लिहून दिलं होतं, आणि सपाट टाइल हातात घेतली की ते पटतं. गोल वाडग्यावर मात्र डिकॅलला चुण्या पडतात. मी चित्राचेच छोटे तुकडे करते.

भाजताना ५०० अंशांपर्यंत अगदी सावकाश, भट्टीचं भोक उघडं ठेवून, कारण कव्हरकोट तेवढ्यात जळून जायला हवा. धूर होतो, खोलीत हवा खेळती हवी. माझे रंग ८०० अंश सेल्सिअसला बसतात. ७६० ला थांबले तेव्हा काळा रंग निस्तेज राहिला आणि नखाने निघाला. लाल त्याहून हट्टी, भट्टीच्या जास्त तापणाऱ्या कोपऱ्यात पार उडून गेला. काही रंगांत शिसं किंवा कॅडमियम असतं, त्यामुळे भांड्याच्या आत आणि ओठ लागतात त्या कडेला मी काहीच छापत नाही.

पहिल्या खेपेतला एक मग रोज वापरात आहे. मऊ स्पंजने धुते. काळी रेघ तशीच आहे. फक्त कानाजवळ, अंगठा टेकतो तिथलं लाल पान थोडं फिकं झालंय, म्हणून आता ती जागा कोरी सोडते.