शोंबर्ग सेंटर, हार्लेम: नुसतं बघून परतू नका, बसून वाचा

न्यूयॉर्कला मुलांकडे आलेले आपल्याकडचे आईवडील कोलंबिया विद्यापीठात जातात, बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्याशेजारी फोटो काढतात आणि टाइम्स स्क्वेअरला पळतात. तिथून जवळच, हार्लेममध्ये १३५व्या रस्त्यावर, शोंबर्ग सेंटर हे काळ्या लोकांच्या इतिहासाचं संशोधन-वाचनालय आहे. तिकडे कुणी फिरकत नाही. मी नांदेडला राज्यशास्त्र शिकवायचो, म्हणून हट्टानं लेकीला घेऊन गेलो.

२ किंवा ३ नंबरची सबवे अगदी दाराशी सोडते. प्रवेश फुकट, कारण हे शहराचं सार्वजनिक वाचनालयच आहे. आत जमिनीवर नद्यांची नक्षी आहे आणि तिच्याखाली कवी लँगस्टन ह्यूज यांच्या अस्थी. लोक बिनदिक्कत त्यावरून चालत होते. मी मात्र कडेकडेनं गेलो.

ब्लॅक स्टडीज, म्हणजे काळ्या लोकांच्या इतिहास-संस्कृतीचा अभ्यास, विद्यापीठात आलं ते भांडून. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजमध्ये विद्यार्थ्यांनी नोव्हेंबर १९६८ पासून जवळपास पाच महिने संप केला, तेव्हा विभाग मिळाला. पण त्या विभागांना लागणारा कच्चा माल कितीतरी आधीपासून इथे जमत होता. पोर्टो रिकोत जन्मलेले आर्तुरो शोंबर्ग बँकेच्या टपाल विभागात नोकरी करत आणि पगारातून पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं घेत. १९२६ साली कार्नेगी कॉर्पोरेशनच्या १०,००० डॉलरमध्ये तो संग्रह वाचनालयाकडे आला. पुढे काळ्यांचे नेते मॅल्कम एक्स, लेखक जेम्स बाल्डविन यांची कागदपत्रंही इथेच आली. ना पदवी, ना अनुदान. तरी या गृहस्थानं जे केलं ते आमच्या अख्ख्या विभागाला जमलं नसतं. दलित पँथरची १९७२ नंतरची पत्रकं आज कुणाकुणाच्या ट्रंकेत पडली असतील, हे राहून राहून मनात येत होतं.

हस्तलिखितं बघायची तर आधी वेळ ठरवून जा. आयत्या वेळी गेलात तर प्रदर्शन बघून परतावं लागेल. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना लिहिलेलं पत्र शोधत असाल तर ते इथे नाही, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्टमधल्या संग्रहात आहे. ते ऑनलाइन वाचता येतं.

या विषयाचं पुढे काय, यावर तिथल्या एका वाचकाशी गप्पा झाल्या. शाळांसाठीचा नवा आफ्रिकन अमेरिकन स्टडीजचा अभ्यासक्रम फ्लोरिडानं जानेवारी २०२३ मध्ये नाकारला, तो राग त्याच्या बोलण्यात होता. मला विचाराल तर अभ्यासक्रम सरकारागणिक येतील-जातील; असं वाचनालय बंद पाडणं त्यापेक्षा अवघड.

विमानाचं तिकीट नसलेल्यांसाठी: हार्लेममध्ये राहणारे पोस्टमन व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ पासून काढलेल्या प्रवास-मार्गदर्शिकेचे अंक वाचनालयाच्या डिजिटल संग्रहात मोफत आहेत. काळ्या प्रवाशाला कुठल्या गावात खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, त्याच्या याद्या. माझ्या विद्यार्थ्यांना मी आधी त्याच वाचायला सांगेन, जाड पुस्तकं नंतर.