जुन्या लॅपटॉपवर कंटेनर: नऊ महिन्यांनंतर

मार्चमध्ये डॉकर (प्रत्येक अ‍ॅप कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं सॉफ्टवेअर) बसवलं तेव्हा भलताच खूश होतो. 8 जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर आधी दोन व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारे आभासी संगणक) चालायची. प्रत्येकीला 2 जीबी तोडून द्यायची, वर प्रत्येकीचं वेगळं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), वेगळे अपडेट. आता सहा कंटेनर एकाच लिनक्स कर्नलवर नांदतात, सगळे मिळून 3 जीबीच्या आत. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली आहे, त्यामुळे गुरुवारी वीज गेली की सगळं बंद. पण आली की आपापले उठतात. (सेटिंगमध्ये रीस्टार्टपुढे 'अनलेस-स्टॉप्ड', म्हणजे मुद्दाम थांबवला नसेल तर पुन्हा सुरू कर, असं लिहिलं असेल तर.)

नोव्हेंबरात आईने विचारलं, "अरे, माझे फोटो का चढत नाहीयेत?" बघतो तर 120 जीबीची एसएसडी काठोकाठ. मित्र म्हणाला, नवी घेऊन टाक. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, जायला चपला घातल्या होत्या, पण पैसे घालवण्याआधी 'डीयू' (कोण किती जागा खातंय ते सांगणारी कमांड) चालवून बघितलं. एका कंटेनरचा लॉग (नोंदींची फाइल) 41 जीबी! गॅलरीतला कॅमेरा जूनच्या पहिल्याच पावसात गेला, आणि त्याचा कंटेनर तेव्हापासून सेकंदाला दहा-पंधरा ओळी रडगाणं लिहीत बसला होता. लॉगला मुळात मर्यादाच नाही. ही कुणाची अक्कल?

'प्रून' (डॉकरची साफसफाईची कमांड) केलं. नको असलेल्या इमेज (कंटेनरचे साचे) गेल्या, चालू कंटेनरचा लॉग जागचा हलला नाही. मग फाइलच 'आरएम' केली, म्हणजे पुसली. तरी डिस्क भरलेलीच! प्रोसेसने फाइल उघडी धरली असेल तर नाव पुसलं जातं, जागा सुटत नाही. 'ट्रंकेट' करायला, म्हणजे फाइल न पुसता आतून रिकामी करायला हवं होतं. कंटेनर रीस्टार्ट केला तेव्हा कुठे जागा मोकळी झाली.

पुढे 10 एमबीच्या तीन फाइल एवढीच मर्यादा घातली, डॉकरची सर्व्हिसही रीस्टार्ट केली. दोन दिवसांनी लॉग पुन्हा 500 एमबीच्या वर. ती मर्यादा म्हणे नव्याने बनवलेल्या कंटेनरलाच लागते. जुने पाडून पुन्हा उभे करायचे.

शिव्या घालतच सहाही पाडले. कंपोजने (सगळे कंटेनर एका फाइलीवरून उभे करणारं डॉकरचं साधन) चहा उकळेपर्यंत पुन्हा उभे केले. फोटो कंटेनरबाहेर व्हॉल्यूममध्ये (डेटा ठेवायच्या वेगळ्या जागेत) असल्याने एकही गेला नाही. व्हर्च्युअल मशीन असती तर अख्खा रविवार गेला असता. दोन तारे देणार होतो, चार देतो.

कॅमेरावाल्याने दुरुस्तीचा आकडा सांगितल्यावर तो एक कंटेनर मात्र कायमचा बंद केला.